सात फर्म्यांचं पुस्तक

विमानतळावर तिला सगळे मीटरताई म्हणत. खरं नाव पगारपत्रकात असेल तेवढंच. विमानतळ तरी केवढा, तर एक धावपट्टी, दोन हँगर, एक फ्लाइंग क्लब आणि क्लबच्या पाठीला पाठ लावून उभी असलेली, विमानांची उपकरणं दुरुस्त करणारी कार्यशाळा. त्या कार्यशाळेत खिडकीजवळच्या टेबलाशी मीटरताई सतरा वर्षं बसत होती. उंची सांगणारं मीटर, वेग सांगणारं मीटर, विमान सरळ आहे की कललंय ते दाखवणारं कृत्रिम क्षितिज, होकायंत्र, सगळं तिच्या हाताखालून जायचं. केसासारखी स्प्रिंग चिमट्यात धरून जागेवर बसवताना ती श्वास रोखायची, आणि तेवढ्यात कुणी काही विचारलं तर उत्तरच द्यायची नाही. लोकांना वाटायचं बाई शिष्ट आहे. स्प्रिंग बसली की ती आपणहून वळून म्हणायची, "हं, काय म्हणत होतात?" तोवर विचारणारा चहाला गेलेला असायचा.

दुरुस्त केलेलं मीटर विमानात बसवलं की ते नीट चालतंय का हे बघायला वैमानिक एक फेरी मारून यायचा. सुरुवातीची काही वर्षं ती खाली उभी राहून बघायची. मग एकदा कुणीतरी तिला मागच्या सीटवर घेतलं, आणि त्या दिवशी घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं की मला हे शिकायचंय. नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात पाळीवर असायचा. त्याला वाटलं, चार दिवसांत डोक्यातलं भूत उतरेल. ते काही उतरलं नाही. पंधरवड्यातून एक तास, कधी तोही नाही, असं करत सात वर्षांत मीटरताईनं आधी खासगी आणि मग व्यावसायिक परवाना मिळवला, तेव्हा ती एकेचाळीस वर्षांची होती. क्लबमधली निम्मी मुलं तिला काकू म्हणण्याच्या वयाची होती, पण मीटरताई हेच नाव सगळ्यांच्या तोंडात बसलेलं.

धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला एक छोटी कंपनी होती. तिची दोन विमानं डोंगरापलीकडच्या गावांना औषधं आणि टपाल पोचवत आणि येताना तिथल्या रोग्यांचे रक्ताचे नमुने तपासणीला आणत. तिथले कॅप्टन साठीला टेकले होते, दोन महिन्यांत निवृत्त होणार होते, आणि आपल्या जागेसाठी त्यांनी मालकाकडे मीटरताईसाठी शब्द टाकला होता. मालक तयार होता. अट एकच, तिच्याकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग हवं. म्हणजे ढगात शिरल्यावर, काचेबाहेर पांढऱ्याखेरीज काहीही दिसत नसताना, नुसत्या मीटरांकडे बघून विमान नेता येतं असा परवान्यावरचा शिक्का. डोंगरावर वर्षातले चार महिने ढग मुक्कामाला असत. त्या शिक्क्याशिवाय तिकडे कुणाला पाठवणं शक्यच नव्हतं. शिक्क्यासाठी आधी लेखी परीक्षा, मग सिम्युलेटर, मग विमानातली चाचणी. लेखीत साठ प्रश्न, आणि पास व्हायला बेचाळीस बरोबर यायला हवेत.

मीटरताईचे एकोणचाळीस आले.

पाच आठवड्यांनी पुन्हा बसायची मुभा होती. पण दुसऱ्यांदा हुकलं की तीन महिने थांबायचा नियम होता, आणि मालक तीन महिने थांबणार नव्हता. तसं त्यानं तिला सांगूनही टाकलं. रागानं नाही, वाईट वाटून, पण स्पष्ट. तोवर बाहेरून तयार वैमानिक आणावा लागेल म्हणाला. आणि एकदा तो येऊन बसला की त्याला उठवणार कोण? अशी सीट या आडबाजूच्या विमानतळावर पुन्हा कधी रिकामी होईल याचा काही नेम नव्हता.

नापास झाल्याची बातमी फुटायला एक दिवस लागला आणि सल्ले यायला त्याहून कमी. सगळ्यांचं एकमत होतं की मीटरताईनं चुकीचं पुस्तक वाचलं. बरोबर पुस्तक कोणतं, यावर मात्र प्रत्येकाचं वेगळं. क्लबमधल्या तरुण प्रशिक्षकानं तिच्या फोनवर एक ॲप टाकून दिलं, त्यात तीन हजार प्रश्न होते. तो म्हणाला, "प्रश्न पूर्ण वाचायचासुद्धा नाही, ताई. पहिले चार शब्द दिसले की हात आपोआप उत्तरावर गेला पाहिजे." क्लबच्या कारकुनानं दोन दिवसांच्या झटपट वर्गाच्या नोट्स आणून दिल्या, तारेच्या गुंडाळीत बांधलेल्या. हँगरमध्ये रंगकाम करणाऱ्याचा मेहुणा म्हणे ऐंशी तासांचे व्हिडिओ बघून पास झाला होता, तर त्या व्हिडिओंसोबतचं पुस्तक आलं. हवामानाचं पुस्तक तिनं स्वतः घेतलं, ते उशीएवढं होतं. नियमांचं घेतलं. विमान विमानतळाकडे कसं उतरत आणायचं त्याचे नकाशे वाचायला शिकवणारं आणखी एक घेतलं. दुसरा आठवडा संपेपर्यंत घरातलं जेवायचं टेबल दिसेनासं झालं आणि ती, नवरा आणि सासूबाई, तिघंही ताटं मांडीवर घेऊन जेवू लागली.

मीटरताई पहाटे साडेपाचला उठायची, कामावर जायच्या आधी दीड तास वाचायची, बसमध्ये ॲप उघडायची. कष्टात तिनं कुचराई केली नाही. पण एक गोष्ट तिच्या लक्षात यायला हवी होती ती आली नाही. नवं पुस्तक घरात आलं की दोन दिवस तिला फार बरं वाटायचं. छातीवरचा दगड उतरल्यासारखं. तिसऱ्या दिवशी पुन्हा धाकधूक सुरू व्हायची, आणि मग तिला वाटायचं की हेही पुस्तक ते नव्हे.

सल्ल्यांतला एकच तिनं घेतला नव्हता. पहिल्या परीक्षेच्याही आधी कॅप्टननी आपल्या फडताळातलं एक जाडजूड, कोपरे झिजलेलं पुस्तक काढून तिच्यासमोर ठेवलं होतं. उपकरणांवर विमान कसं चालवायचं, याचंच. ती हसली होती. "मीटरांचं पुस्तक मी कशाला वाचू, कॅप्टन? मी ती खोलून बसते." कॅप्टननी पुस्तक परत जागेवर ठेवलं होतं.

तिच्या सासूबाईंनी छापखान्याच्या बांधणी विभागात एकतीस वर्षं काढली होती. छापलेले मोठे कागद घड्या घालून सोळा सोळा पानांचे फर्मे करायचे, ते क्रमानं लावायचे, शिवायचे, पाठीला खळ लावून पुठ्ठा चढवायचा, हे त्यांचं काम. उजव्या हाताचा अंगठा अजून टणक होता. पुस्तकात आत काय लिहिलंय याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसायचं, पण पुस्तक हातात घेतलं की त्या आधी त्याची पाठ बघायच्या, मग कड, आणि मग मान हलवायच्या किंवा नाही.

दुसऱ्या शनिवारी दुपारी त्यांना भाजी निवडायला टेबल हवं होतं. पुस्तकं उचलून बाजूला ठेवताना त्या एकेकाची कड उजेडाकडे धरून बघू लागल्या. मीटरताई समोरच बसून काहीतरी पाठ करत होती.

"इकडे बघ," सासूबाई म्हणाल्या. "पुस्तक वाचलं की पानांच्या कडेला बोटांचा रंग लागतो. ही पट्टी दिसते ना, मळकी? इथवर तू वाचलंस. किती पानं झाली असतील? चाळीस." त्यांनी दुसरं उचललं. "हेही चाळीस. हे चाळीस. हे जाडं बेचाळीस, दोन पानं चिकटून उलटली असतील. बाकी सगळं दुकानातून आणलं तसं पांढरं."

मीटरताई म्हणाली की आई, मी रोज दीड तास वाचतेय.

"वाचतेस की. पण पाच घरी पाहुणी गेलीस आणि पाचही घरी उंबऱ्यातच पाणी पिऊन परत आलीस. आत कोण राहतं ते एकाही घरचं माहीत नाही तुला."

मीटरताईला आधी राग आला आणि मग डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंनी पाण्याकडे लक्ष दिलं नाही. शेंगा मोडत त्यांनी विचारलं, तीन कमी पडले हे तर घरातल्या भिंतींनाही पाठ झालंय, पण मुळात चुकलं काय? कुठले प्रश्न? मीटरताई म्हणाली की ते सांगत नाहीत. निकालाच्या कागदावर चुकलेल्या प्रश्नांचे नुसते संकेतांक असतात, कुठला प्रश्न कुठल्या विषयातला ते सांगणारे.

"मग तो कागद कुठाय?"

कागद फ्रिजच्या वॉरंटीच्या फाइलमध्ये होता. निकालाच्या दिवशी मीटरताईनं त्यावरचा फक्त आकडा बघितला होता आणि घडी घालून, पुन्हा कधी हात लागणार नाही अशा जागी तो ठेवून दिला होता. संकेतांकांची यादी परीक्षा मंडळाच्या वेबसाइटवर सगळ्यांसाठी खुली होती. ती तिनं उघडूनही बघितली नव्हती. सतरा वर्षं ज्या बाईच्या टेबलावर मीटर आलं की आधी बिघाडाची चिठ्ठी वाचायची आणि मगच पेचकस उचलायचा असा दंडक होता, तिनं स्वतःची चिठ्ठी न वाचताच दुरुस्ती चालू केली होती.

भाजी तशीच राहिली. सासूबाई चष्मा लावून एकेक आकडा वाचू लागल्या, मीटरताई फोनवरच्या यादीत शोधून विषय सांगू लागली, आणि सासूबाई वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं रेघा ओढू लागल्या, चार उभ्या आणि पाचवी आडवी, जसे त्या फर्मे मोजत. हवामानाचे चार चुकले होते. नियमांचे तीन. नकाशांचे तीन.

"झाले दहा," सासूबाई म्हणाल्या. "चुकलेत एकवीस. उरलेले हे अकरा सगळे एकाच घराण्यातले दिसतायत बघ, सुरुवात सारखी आहे सगळ्यांची."

मीटरताईनं यादीत बघितलं. पुन्हा एकदा बघितलं. मग फोन टेबलावर पालथा ठेवला.

"काय गं?"

"मीटर," मीटरताई म्हणाली.

"कसलं मीटर?"

"उपकरणं. उपकरणं आणि त्यांच्या चुका. अकराच्या अकरा."

सासूबाईंनी अगदी गंभीरपणे विचारलं, "मग सतरा वर्षं तिकडे करतेस काय तू?" आणि दोघींनाही असं हसू फुटलं की शेजारच्या खोलीत रात्रपाळी करून झोपलेला नवरा उठून दारात येऊन उभा राहिला. त्याला काय झालं ते सांगायला बराच वेळ लागला, कारण सांगायला सुरुवात केली की पुन्हा हसू यायचं.

हसून झाल्यावर मीटरताईला जाणवलं की दोन आठवड्यांत पहिल्यांदाच धाकधूक थांबलीय. काही सुधारलं नव्हतं, उलट अब्रू गेली होती. पण बिघाड कुठे आहे ते कळलं होतं, आणि तिच्या धंद्यात तिथे निम्मं काम झालेलं असतं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती धावपट्टीच्या कडेनं चालत कॅप्टनच्या खोलीत गेली. खोली केवढीशी, भिंतीवर डोंगराचा नकाशा, कोपऱ्यात पाणी उकळायची किटली, आणि ते फडताळ. तिनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मी तुम्हाला म्हटलं होतं, असं कॅप्टन म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं की त्या अकरांपैकी एखादा प्रश्न आठवतो का.

एक आठवत होता. विमान उत्तरेकडे तोंड करून चाललंय, वैमानिकानं उजवीकडे वळायला सुरुवात केली, तर होकायंत्र आधी काय दाखवेल? मीटरताईनं उत्तर दिलं होतं की उजवीकडे वळल्याचं बरोबर दाखवेल.

"का?"

मीटरताई जरा घुटमळली. "कारण नाहीतर मी ते पास करून पाठवलंच नसतं."

कॅप्टन खुर्चीत मागे रेलून हसले. मग उठून त्यांनी एका बशीत पाणी घेतलं आणि बशी हळूच कलती केली. ते म्हणाले, "तुमच्या टेबलावर विमान कधी वळत नाही, मीटरताई. विमान कललं की होकायंत्राची तबकडीही आत कलते आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाची ओढ तिला खाली खेचते. उत्तरेकडून उजवीकडे वळलात की ती आधी डावीकडे पळते. बिघडलेली नसते. उत्तम असते. तुम्ही पास करून पाठवलेली असते, तरी पळते."

तिनं हे शंभर वेळा डोळ्यांनी बघितलं होतं, हेही मग तिला आठवलं. त्या त्या वेळी तिनं मनात नोंद केली होती की या विमानाचं होकायंत्र एकदा टेबलावर घ्यायला हवं. तोवर ती बाहेर बघून उडत होती, त्यामुळे होकायंत्र क्षणभर काहीही म्हणालं तरी चालून जायचं. ढगात चालणार नव्हतं.

तसंच दुसरं. जुन्या धाटणीचं कृत्रिम क्षितिज, विमानानं वेग पकडला की, नाक जरासं वर गेल्यासारखं दाखवतं. टेबलावर ते कधी वेग पकडत नाही. स्थिर बसलेल्या मीटराबद्दल तिला जेवढं माहीत होतं तेवढं त्या विमानतळावर कुणालाच नव्हतं. परीक्षेतलं प्रत्येक मीटर मात्र चढत होतं, वळत होतं, धावत होतं.

कॅप्टननी फडताळातून ते जाड पुस्तक पुन्हा काढलं. या वेळी तिनं दोन्ही हातांनी घेतलं. बसमध्ये उघडून शेवटच्या पानाचा आकडा बघितला तर सहाशे बारा. उरलेले आठवडे तीन. घरी पोचेपर्यंत थांबलेली धाकधूक पुन्हा सुरू झाली होती.

सासूबाईंनी पुस्तक हातात घेतलं, पाठ बघितली आणि पहिल्यांदाच पसंतीची मान हलवली. धाग्यानं शिवलेलं होतं. "यातलं तुला लागणार किती?" त्यांनी विचारलं. मीटरताईनं बोट फिरवत सांगितलं की ही दोन प्रकरणं, साधारण पन्नास-साठ पानं.

"मग तेवढेच फर्मे काढू."

"आई, पुस्तक फाडायचं?"

"फाडतात अडाणी माणसं. आपण उसवायचं. नंतर होतं तसं परत शिवून देईन, त्यांना कळणारही नाही."

तरी विचारल्याशिवाय कसं करणार. मीटरताईनं कॅप्टनना फोन लावला आणि चाचरत परवानगी मागितली. कॅप्टन म्हणाले, "मी पुढच्या महिन्यापासून बागेत बसणार. बागेत ढग येत नाहीत. उसवा."

मंगळवारी संध्याकाळी टेबलावर वर्तमानपत्र पसरून सासूबाई कामाला बसल्या. ओल्या फडक्यानं पाठीवरची जुनी खळ भिजवली, सुरीच्या बोथट बाजूनं खरवडली, पुठ्ठा अलग केला. मग शिवणीचा एकेक धागा कापून फर्मे सुटे केले. मीटरताईला लागणारी दोन प्रकरणं चार फर्म्यांत बसली. एका फर्म्यात शेवटी नको असलेली पाच पानं येत होती. ती काढून टाकू का, असं मीटरताईनं विचारलं तर सासूबाईंनी तिच्याकडे असं बघितलं की तिनं पुन्हा विचारलं नाही. अर्धवट फर्म्यात धागा धरत नाही. आलेली पानं येऊ द्यायची.

मग बाकीची पुस्तकं. इथे मीटरताईचा हात अडखळत होता. हवामानात चार चुकले होते, म्हणून तिला हवामानाचे निदान पाच फर्मे हवे होते. नियमांचेही चार-पाच. सासूबाईंनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावरच्या रेघा तिच्यासमोर सरकवल्या. अकराला चार फर्मे, तर चाराला किती? आणि तिनाला? मीटरताई तांत्रिक शिक्षण घेतलेली बाई, त्रैराशिक तिला कुणी शिकवायला नको होतं. तिनं हवामानातला बर्फ आणि ढगांचा फर्मा काढून दिला, नियमांतला एक, नकाशांतला एक. सात फर्मे झाले. एकशे बारा पानं. सासूबाईंनी दाभणानं भोकं पाडून, मेण लावलेल्या दोऱ्यानं तीन टाक्यांत ते शिवले आणि वर घरातल्या एका जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा कोरी बाजू वर करून चढवला. शाळेतल्या वहीएवढं पुस्तक झालं. टेबलावर ते एकटं पडलेलं बघून मीटरताईला भीती वाटली आणि हलकंही वाटलं, दोन्ही एकदम.

दुसऱ्या दिवशी तिनं परत करायचं ते सगळं परत केलं. नोट्स कारकुनाला, व्हिडिओचं पुस्तक रंगाऱ्याला. ॲप फोनवरून काढून टाकलं ते प्रशिक्षकाच्या देखतच. त्याला ते फारसं रुचलं नाही. तीन हजार प्रश्न सोडून एकशे बारा पानं म्हणजे जुगार आहे ताई, असं तो दोनदा म्हणाला.

त्याचा तो शब्द डोक्यात घोळत राहिला. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी, घरी जायची बस सोडून, मीटरताई पुस्तकांच्या दुकानात शिरली. तिथे नवी आवृत्ती आली होती, चकचकीत मुखपृष्ठाची, 'संपूर्ण' असं ठळक छापलेली. तिनं ते उचललं आणि लगेच ओळखीचं बरं वाटलं. तेच, दोन दिवसांचं. तिनं पुस्तक मांडणीवर ठेवलं आणि पुढची बस पकडली.

आता रोज पहाटे दोघी बसत. सासूबाई फर्म्यांतले सरावाचे प्रश्न मोठ्यानं वाचत, मीटरताई उत्तर देई आणि का ते समजावून सांगे. सासूबाईंना पटलं नाही तर पुढचा प्रश्न नाही. त्यामुळे मीटरताईला हात पसरून विमान व्हावं लागे, टेबलाभोवती वळावं लागे, कलावं लागे. नवरा दुधाची पिशवी घेऊन यायचा तेव्हा बायको डाव्या अंगावर झुकलेली आणि आई हातातला पेला तिरका धरून बघत असलेली, असं दृश्य त्याला दिसायचं. तो वाट देऊन भिंतीच्या कडेनं आत जायचा.

एक सवय मात्र सुटता सुटत नव्हती. प्रश्नात मीटर काही विचित्र दाखवतंय असं आलं की मीटरताई सांगत सुटायची: पंप गेला असेल, नळीत गळती असेल, बेअरिंग झिजलं असेल. उत्तराच्या पर्यायांत तसलं काही दिसलं की त्यावर तिची उडी पडे. एकदा सासूबाईंनी तिला मध्येच थांबवलं आणि प्रश्नाचं शेवटचं वाक्य बोट ठेवून पुन्हा वाचलं.

"वैमानिकाने काय करावे, असं विचारलंय. काय बिघडलंय असं नाही विचारलं. तू तिथे दुरुस्तीला गेलेली नाहीस. तू विमानात आहेस, बाई. आधी घरी ये, मग खोल काय खोलायचं ते."

त्या दिवसापासून मीटरताई प्रत्येक प्रश्नाचं शेवटचं वाक्य आधी वाचू लागली.

परीक्षा एका व्यापारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होती. आडोसे लावलेले आठ संगणक, छताला गरगरणारा पंखा, आणि दारापाशी एक माणूस. त्यानं फोन, घड्याळ आणि पेन काढून घेतलं आणि एक पेन्सिल, दोन कोरे कागद आणि आकृत्यांचं पुस्तक दिलं. पहिले दहा प्रश्न मीटरताईच्या डोक्यात काही शिरेनात. अकराव्याला जरा सावरलं. होकायंत्राचा प्रश्न विसाव्याच्या आसपास आला, उत्तरेऐवजी दक्षिणेचा होता, म्हणजे सगळं उलटं. तिनं टेबलाखाली तळहात पसरून कलता केला, बघितला आणि उत्तर दिलं.

चव्वेचाळिसावा प्रश्न असा होता: विमान ढगात आहे. कृत्रिम क्षितिज हळूहळू कलत चाललंय. वेग, उंची आणि वळण दाखवणारी बाकीची सगळी मीटरं स्थिर आहेत. पहिलंच उत्तर होतं, हवा ओढणारा पंप तपासावा. मीटरताईला तो पंप डोळ्यांसमोर दिसला, त्याचं मोडलेलं पातं दिसलं, हात शिवशिवला. तिनं शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. मग तिसरं उत्तर निवडलं, क्षितिजाकडे दुर्लक्ष करून बाकीच्या मीटरांवर विमान सरळ ठेवावे, आणि पुढे गेली.

साठ संपल्यावर तिनं एकदाही मागे वळून बघितलं नाही. बटण दाबलं. दारापाशीच्या माणसाचं छपाईयंत्र घरघरलं. त्यानं कागद तिच्याकडे देताना आकड्यावर नजर टाकली असावी, कारण त्यानं न मागता खुर्ची पुढे केली. तिला वाटलं, झालं. बसली आणि मग बघितलं.

एक्कावन्न.

तिनं आधी कॅप्टनना फोन केला. ते म्हणाले की सोमवारी आठ वाजता सिम्युलेटर, उशीर करू नका, मी मालकाला आत्ता सांगतो की बाहेर कुणाला फोन लावायची गरज नाही. मग, फोन ठेवायच्या आधी, ते म्हणाले, "मला आता नीट जाता येईल." ते वाक्य ऐकल्यावर मीटरताईच्या लक्षात आलं की या पाच आठवड्यांत जीव एकट्या तिचाच टांगणीला लागलेला नव्हता.

घरी सासूबाईंनी चष्मा लावून कागद हातात घेतला आणि आकड्याकडे न बघता आधी संकेतांकांची रांग बघितली. नऊ होते. त्यातले मीटरांचे दोन. त्यांनी कागद टेबलावर ठेवून हातानं सपाट केला, आणि म्हणाल्या की आता पड जरा, तोंड बघ कसं झालंय. मीटरताई पडली. सासूबाईही आपल्या खोलीत जाऊन आडव्या झाल्या. दुपारचे तीन वाजले होते.

नवरा साडेचारला पाळी संपवून आला तर घरात कसलीच चाहूल नाही. दोन्ही खोल्यांत दोघी भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या. या घरात दिवसाढवळ्या या दोघी झोपल्याचं त्यानं कधी बघितलं नव्हतं. पुन्हा हुकलं, असं त्यानं धरलं. तो चपला हातात घेऊन स्वयंपाकघरात गेला, आवाज न करता चहाचं आधण ठेवलं, आणि बायकोला काय म्हणून समजवायचं याची मनातल्या मनात जुळवाजुळव करू लागला. तीन महिने म्हणजे काही जन्म नव्हे, असं म्हणावं. किंवा काहीच म्हणू नये, नुसता कप पुढे करावा.

तो कप घेऊन दारात उभा राहिला. मीटरताईनं डोळे न उघडता, उशीत तोंड खुपसूनच सांगितलं, "एक्कावन्न."

त्यानं मनात बेचाळीस वजा केले. मग कप खाली ठेवला आणि तिच्या पायथ्याशी पलंगावर बसून राहिला. चहा निवला तरी कुणी उठलं नाही.